‘बेपत्ता’ नव्हे, युद्धात गेलेला

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री महोदय,
स. न.

जाळं ओढताना जड लागलं की बोटीवर सगळ्यांचे चेहरे खुलतात. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, इंजिन मंद करतो, चौघं दोराला भिडतात. युद्धाच्या दिवसांत मात्र तेच वजन धडकी भरवतं, कारण मासळीऐवजी समुद्रात पेरलेला सुरुंग वर येत असेल. त्या लोखंडी गोळ्याचं स्फोट घडवणारं एखादं शिंग बोटीला लागलं, की सांगायलाही कुणी उरत नाही.

अशा खलाशाची नोंद बंदर सोडताना होते, परतल्याची होत नाही. मग फायलीवर शब्द पडतो, ‘बेपत्ता’. प्रेत नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून विमा, बँकेतलं खातं, बोटीवरचं कर्ज, सगळं लटकतं. बऱ्याच देशांत अशा माणसाला मृत धरायला सात वर्षं जावी लागतात. घर सोडून निघून गेलेल्यासाठी ही मुदत समजू शकतो. पण ज्याच्या बोटीच्या फळ्याच दुसऱ्या बोटीला सापडल्या, त्याच्या बायकोने सात वर्षं वाट कुणाची पाहायची? इंग्लंड-वेल्सच्या 2013 च्या कायद्यात तर माणूस गेलाच असावा असं न्यायालयाला पटलं की सात वर्षांची अट राहत नाही.

मासेमाराचं युद्धाशी वैर नसतं, हे जगाने मान्य केलेलं आहे. 1907 च्या हेग करारानुसार, लढाईत भाग न घेणाऱ्या, किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या बोटी आणि त्यांची जाळी जप्त करता येत नाहीत. पण करार सुरुंगाला वाचता येत नाही, घाबरलेल्या तोफखान्यालाही नाही. ऑक्टोबर 1904 मध्ये, रशिया-जपान युद्ध चालू असताना, रशियन आरमाराने उत्तर समुद्रात इंग्लंडच्या हल बंदराच्या मासेमारी ट्रॉलरांवर तोफा डागल्या, जपानी टॉर्पेडो बोटी समजून. कुठे जपान, कुठे उत्तर समुद्र! ‘क्रेन’ नावाची बोट बुडाली, माणसं मेली. रशियाला भरपाई द्यावी लागली.

आणि तह झाला म्हणून तळ शांत होत नाही. डिसेंबर 2020 मध्ये इंग्लंडमधल्या क्रोमरच्या समुद्रात खेकडे पकडणाऱ्या एका बोटीखाली दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब फुटला. खलाशी जबर जखमी झाले.

लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर महायुद्धांत समुद्रातच राहिलेल्या व्यापारी नाविकांबरोबर मासेमारांचीही नावं आहेत, बोटीच्या नावाखाली तिची माणसं. मला ही रचना फार आवडते. एकटं नाव दगडावर परकं दिसतं.

साहेब, भरपाईचा आकडा तुम्ही ठरवा. पण बंदरातली खलाशांची यादी, सोबतच्या बोटींचे जबाब आणि सापडलेले अवशेष एवढ्या पुराव्यावर काही महिन्यांत ‘युद्धात मृत्यू’ असा दाखला मिळेल, असा नियम करा. शिवाय अर्जात ‘मृत्यूचे ठिकाण’ हा रकाना असतो. तिथे ‘समुद्र’ लिहिलं म्हणून अर्ज परत पाठवू नये, एवढं तर परिपत्रकानेही होईल. ते आधी काढा.

आपला,
एक नागरिक