कंट्री स्क्वायर पुन्हा रस्त्यावर धावली, आभार!

आमची 1966 ची फोर्ड कंट्री स्क्वायर, म्हणजे लांबलचक स्टेशन वॅगन गाडी, अखेर गॅरेजबाहेर पडली. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यानं खालचा पत्रा इतका खाल्ला होता की मागच्या सीटखालून चक्क जमीन दिसायची. तो कापून नवा पत्रा वेल्ड करून देणाऱ्या ताईंनी पैशांचं नाव काढू दिलं नाही. हिचं मागचं दार खालीही उघडतं आणि बाजूलाही, त्यामुळे बिजागरी भलतीच किचकट. ती भंगारातून हुडकून देणाऱ्या आजोबांना तर दंडवतच! गाडीच्या बाहेरून दिसणारं ‘लाकूड’ म्हणजे नुसतं लाकडासारखं दिसणारं व्हिनाइल, प्लास्टिकचा चिकटवायचा पापुद्रा. ते बुडबुडे न येता चिकटवायला शेजारचं अख्खं कुटुंब राबलं. सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी चक्कर मारायला या. हीटर अजून रुसलेलाच आहे, जॅकेट आणा.