अंकखेळांच्या तासाबाबत सूचना

बालवाडीच्या सर्व पालकांना कळविण्यात येते की, सोमवारपासून अंकखेळांचा तास सुरू होत असून प्रत्येक मुलासोबत बाटल्यांची धुतलेली दहा मोठी झाकणे कापडी पिशवीत द्यावीत. चिंचोके व मणी मुले नाकात घालतात, म्हणून ते देऊ नयेत. घरी पोळ्या मोजताना मुलाचे तोंड "चार" म्हणते आणि बोट मात्र तिसऱ्याच पोळीवर असते, अशा वेळी न रागावता एकेक पोळी उचलून डब्यात ठेवायला सांगावे, म्हणजे एका वस्तूला एकच अंक हे हातालाच कळते. ३ आणि ६ किंवा १ आणि ९ यांत गोंधळ होणे या वयात स्वाभाविक आहे. त्यासाठी ताटात रवा पसरून बोटाने अंक गिरवून घ्यावेत. शंभरपर्यंतच्या पाठांतराची घाई तूर्त कृपया करू नये.