मोरीचं पाणी, गांडुळं आणि दोन वेगळे पाईप

संपादक साहेब, नमस्कार.

बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात घुसल्याच्या बातम्या आपल्या पेपरात दर पावसाळ्यात येतात, शेतकऱ्यांची निवेदनं येतात, आणि दिवाळीपर्यंत सगळं थंड होतं. नाल्याची सफाई, रुंदीकरण, अतिक्रमण यावर बोलणारे भरपूर आहेत, ते बोलू देत. मला एवढंच विचारायचंय की मार्च एप्रिलमध्ये वरनं थेंब पडत नसताना पण नाला वाहतो तो कशानं? आपल्याच घरातलं पाणी की ते. संडासचं तर आहेच, खरं त्याच्याबरोबर आंघोळीचं, कपड्याचं, भांड्याचं पाणी पण त्याच वाटेनं जातं. आणि नेमकं त्याच महिन्यात राकसकोप धरणाची पातळी खाली गेली, नळाला पाणी आता किती दिवसांनी, ही चर्चा गल्लोगल्ली चालू असते आणि परड्यातली केळ, अबोली, जास्वंद उभी वाळत असते. एका हातानं पाणी सोडायचं आणि दुसऱ्या हातानं टँकरवाल्याला फोन लावायचा, याला काय म्हणावं!

आमच्या थोरल्या जाऊबाई खानापूर तालुक्यात राहतात, त्यांनी मोरीचं पाणी गाळून झाडांना द्यायला परड्यात गांडुळांचा हौद केलाय. सगळ्यात खाली खानापुरी कौलांचे तुकडे आणि खडी, त्याच्यावर बारीक खडी आणि वाळू, वर हातभर जाडीचा थर नारळाच्या काथ्याचा, लाकडाच्या भुश्श्याचा आणि कुजलेल्या शेणाचा, त्यात गांडुळं, आणि सगळ्यावर भाताचं पिंजर म्हणजे पेंढा. मोरीचा पाईप वर आडवा टाकलाय, त्याला भोकं, म्हणजे पाणी एकाच जागी धबाधबा न पडता पसरून झिरपतं. खालनं पाईप निघतो तो उतारानं थेट केळीच्या आळ्यात.

मला वाटलं होतं वास मारत असेल. काही नाही, पाऊस पडल्यावर जमिनीचा येतो तेवढाच. पिंजर हातानं बाजूला केलं तर भांड्याचं पाणी जिथं ठिबकतं तिथं गांडुळांचा गुंता, लालसर, बोटभर पण नाहीत, आणि कपड्याचं पाणी पडतं त्या कोपऱ्यात एखाददुसरं. खायला कुठं मिळतं ते त्यांना बरोबर कळतं.

ही काही कालपरवाची टूम नव्हे. चिलीमध्ये होसे तोहा नावाच्या प्राध्यापकांनी १९९२ च्या सुमाराला असा फिल्टर केला आणि आपल्याकडं पुण्यात डॉ. उदय भवाळकरांनी गांडुळांवर बरीच वर्षं काम केलंय. कारभार साधा आहे, पाण्यातली घाण म्हणजे अन्नाचे कण, मळ, साबणाचा साका वरच्या थरात अडकतो, जिवाणू तो कुजवतात आणि गांडुळं ते सगळं खाऊन खत टाकतात, शिवाय त्यांच्या येण्याजाण्यानं थर भुसभुशीत राहतो, आत हवा खेळते, म्हणून सडका वास येत नाही. नुसत्या वाळूच्या फिल्टरवर थोड्याच दिवसात साय धरते आणि तो तुंबतो, इथं ते खरवडायचं काम गांडुळं करतात.

आता लोक व्हिडिओ बघून करायला जातात आणि महिन्याभरात गांडुळं मेली म्हणून ओरडतात, म्हणून ही बाजू पण लिहिते. गांडूळ कातडीनं श्वास घेतं, त्याला ओल पाहिजे खरं बुडून चालत नाही, त्यामुळं हौदात पाणी साचता कामा नये. ॲसिड, फिनेल, ब्लीचिंग पावडर यातलं काहीही त्या पाईपमध्ये जाता कामा नये, मोरी घासायच्या दिवशी व्हॉल्व्ह फिरवून पाणी गटारीला सोडायचं. तेलकट कढई आधी कागदानं पुसायची, तोंडाशी जाळी बसवायची. उन्हाळ्यात हौद सावलीत पाहिजे, ३५ डिग्रीच्या वर गेलं की त्यांचे हाल होतात. मुंग्या, चिचुंद्र्या येतात त्यावर लक्ष ठेवायचं. रोजचं दोनेकशे लिटर पाणी असेल तर साधारण १ चौरस मीटर तोंडाचा हौद आणि किलो दोन किलो गांडुळं पुरतात, ती पण गांडूळखतवाल्यांकडची, शेतातली खणून आणलेली नव्हेत, ती खोल मातीत राहणारी, भुश्श्यात टिकत नाहीत.

आणि गांडुळं सगळं साफ करतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कपड्याच्या पावडरीतला सोडा पाण्यात विरघळलेला असतो, तो फिल्टरमधनं जसाच्या तसा खाली येतो, आणि वडगाव येळ्ळूरकडच्या चिकट जमिनीत वर्षानुवर्षं तेच पाणी पडलं तर माती कडक होत जाते. म्हणून साबणाचं पहिलं दाट पाणी गटारीला, खळबळलेलं पाणी झाडाला. जंतू पण कमी होतात, पूर्ण जात नाहीत, तेव्हा कोथिंबीर, मुळा, पालक असल्या कच्च्या खायच्या भाजीला हे पाणी नको. केळ, नारळ, पपई, कर्दळ, फुलझाडं यांना बुडाशी द्यावं. बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी तर संडासातच ओतायचं. आणि आलेलं पाणी ड्रममध्ये भरून ठेवू नये, दिवसाभरात घाण वास सुटतो.

पावसाळ्यात बागेला पाणी नकोच असतं, म्हणजे जुलैचा पूर यानं थांबणार नाही हे मला पण कळतं. माझं म्हणणं उन्हाळ्यापुरतं आहे.

आता मुद्द्याचं. घरोघरी नळ द्यायचं केंद्राचं जलजीवन मिशन २०१९ ला सुरू झालं, माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात देणार म्हणतात. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर आलं म्हणजे त्यातलं बरंचसं बाहेर पण पडणार, ते जाणार कुठं? त्यासाठी पंचायती रोजगार हमीतनं बच्चलगुंडी म्हणजे शोषखड्डे करून देतात, चांगली गोष्ट आहे, लाल मुरमाच्या जमिनीत ते चालतात. खरं भाताच्या शिवाराजवळ पावसाळ्यात हातभर खणलं की पाणी लागतं, तिथं खड्डा काय शोषणार? आणि जुन्या घरांच्या विहिरी शेजारीच असतात. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली टिळकवाडीतली विहीर आपण कौतुकानं पाहुण्यांना दाखवतो, मग स्वतःच्या आडाशेजारी घाण पाणी मुरवताना थोडा विचार नको का? अशा ठिकाणी जमिनीच्या वर बांधलेला गांडुळांचा हौद त्याच योजनेत बसवता येतो का, हे तालुका पंचायतीनं बघावं, आणि माहितीपत्रक कन्नडबरोबर मराठीत पण काढावं, वाचणारे कोण आहेत ते बघून.

शहरात तर अडचण दुसरीच आहे. नवीन घर बांधताना प्लंबर मोरी, किचन, संडास सगळं एकाच चेंबरला जोडून मोकळा होतो. त्यानंतर कुणाला हौद करायचा म्हटलं तर फरशी फोडायला लागते आणि मग ते राहूनच जातं. बांधतानाच मोरीचा पाईप वेगळा काढला तर खर्च काय, थोडा पाईप आणि चार एल्बो. महापालिकेनं बांधकाम परवाना देताना नकाशात दोन वेगळ्या लाईन दाखवायची अट घालावी, हौद करायचा का नाही ते घरमालक नंतर ठरवेल.

आणि कुणी हे वाचून लगेच करायला निघाले असतील तर आत्ता पावसात नको, दसऱ्यानंतर करा. पहिले दोन तीन आठवडे थोडंथोडंच पाणी सोडा, गांडुळं रुळली की मग सगळं जोडा.

आपली वाचक,
वडगाव, बेळगाव