पक्षाच्या चिन्हावर उभी राहतेय, त्याबद्दल

कोल्हापूर,
१८ डिसेंबर २०२५

चि. बाळ यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, महापालिकेला उभं राहायचंच असेल तर अपक्ष राहा. पक्ष कशाला?" तेवढ्यात बाबांनी फोन घेतला आणि बोलणं तुझ्या खोकल्यावर गेलं. पण तुझा प्रश्न डोक्यातून गेला नाही. फोनवर असलं काही सलग सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

पक्षानं मला "तयारीला लागा" एवढंच सांगितलंय. अर्ज २३ ते ३० डिसेंबर भरायचे आहेत आणि एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कुणाला मिळाला हे बहुतेक शेवटच्या दिवशीच कळेल. आमच्या प्रभागातले इच्छुक तू ओळखतोस. त्यातल्या दोघांची घरं तीन पिढ्या राजकारणात आहेत. फॉर्म दुसऱ्याला गेला तर मी बंडखोरी करणार नाही, त्या उमेदवाराच्या पदयात्रेत चालेन. मुलाखतीतही हे सांगून आले. चिन्ह मागायचं ते त्याच्यामागचा विचार पटतो म्हणून, आणि तो माझ्या तिकिटाबरोबर येत-जात नाही.

आता अपक्षाचं. २०१५ ला एका प्रभागाला एक नगरसेवक होता. पेठेत चार तालमी पाठीशी असल्या, घराघरांत ओळख असली की अपक्षही निवडून यायचा. आता ८१ जागा २० प्रभागांत वाटल्यात, बहुतेक प्रभागांत चार-चार. मतदारानं यंत्रावर अ, ब, क, ड अशी प्रत्येक जागेसाठी वेगळी बटणं दाबायची. मला शाळेमुळे ओळखणारी गल्ली आता प्रभागाचा एक कोपरा झाली. एकटीनं एवढा भाग फिरणं कठीण आहे हे खरं, पण त्यासाठी मी पक्षाकडे गेले नाही. खरं कारण निवडून आल्यानंतरचं आहे.

महापालिकेत पैशाचे निर्णय स्थायी समितीत होतात. तिच्यात १६ सदस्य, आणि त्या जागा सभागृहातल्या पक्षांच्या आणि गटांच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात. अंदाजपत्रक आधी तिथे येतं, निविदा तिथे मंजूर होतात. एकटा अपक्ष सर्वसाधारण सभेत उठून पोटतिडकीनं बोलतो, दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो येतो, आणि नाल्याच्या भिंतीचे पैसे दुसऱ्याच रस्त्याला गेलेले असतात. तसं नुसतं बोलत राहायला मी या वयात बाहेर पडलेले नाही.

२०१९ चा पूर तुला आठवतो, पण तू तेव्हा पुण्यात होतास. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोक्याची पातळी, आणि त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रं बुडाली. शहर पाण्यात आणि नळाला थेंब नाही. आमच्या शाळेत वर्गावर्गांत माणसं होती. टँकर आला की माझ्याच वर्गातली पोरं कळशी घेऊन पळायची आणि ज्यांच्या घरी दांडगा माणूस नाही त्यांची कळशी मागं राहायची. शेवटी मी आणि शाळेच्या मावशींनी पटसंख्येची वही काढली, घरात माणसं किती ते लिहिलं आणि त्याप्रमाणे पाणी दिलं. भांडण थांबलं. नगरसेवकानं करायचं काम हेच, असं मला त्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं: कुणाला किती मिळतं ते सगळ्यांसमोर मांडायचं.

नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली, नगरसेवक राहिले नाहीत आणि प्रशासक आले. २०२१ चा पूर त्या काळातला. पंचनाम्यात नाव सुटलेल्या बायका माझ्याकडे यायच्या, कारण जाऊन दार ठोठवावं असं दुसरं दार नव्हतं. मी अर्ज लिहून दिले, त्यांच्याबरोबर टेबलाटेबलांवर फिरले. काहींना सानुग्रह अनुदान मिळालं, काहींचे अर्ज अजून कुठल्या गठ्ठ्यात आहेत देव जाणे. सुतारवाड्यातली कुटुंबं अजूनही पाणी चढलं की चित्रदुर्ग मठात हलवावी लागतात. आता काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणी आलंय. त्यासाठी लोक वर्षानुवर्षं भांडले, तू लहान होतास तेव्हापासून मी त्या मोर्चांत जात होते. मोर्चानं योजना आणली. पण वस्तीतल्या शेवटच्या नळापर्यंत ती नीट पोचवायला सभागृहात माणूस लागतो.

तुझी दुसरी शंका चिन्हाची: "पक्षाचं चिन्ह घेतलंस की तू त्यांची झालीस." आपल्याकडे पूर्वी महापालिका पक्षाच्या चिन्हावर लढवतच नसत, नेत्यांच्या आघाड्या असत. त्यांनी काही चांगली माणसंही निवडून आणली. पण आघाडीची भूमिका काय, हे विचारायची सोय नव्हती. नेता म्हणेल ती भूमिका. कायद्यात महापौराची मुदत अडीच वर्षांची, आणि आपल्या शहरानं काही-काही महिन्यांत महापौर बदललेले बघितले, सगळ्यांना वाटा मिळावा म्हणून. पक्षाला निदान एक नाव असतं, जाहीरनामा असतो, आणि पुढच्या निवडणुकीत तेच नाव घेऊन दारात यावं लागतं. मतदाराला पकडायला तेवढी बाही तरी राहते.

त्याची किंमत मला माहीत आहे. पक्षानं व्हीप, म्हणजे अमुकच मत द्या असा आदेश, काढला आणि मी विरोधात मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षांतरबंदीचा कायदा नगरसेवकांनाही आहे. यावर मी बरेच दिवस विचार केला. मनाशी ठरवलं ते असं. रस्ता कुठला आधी, घरफाळा किती, हद्दवाढ कशी, यावर मी पक्षाच्या बैठकीत भांडेन आणि बहुमत होईल तसं मत देईन, कारण चार माणसांत राहायचं तर चार माणसांचं ऐकायलाही लागतं. पण पूररेषेच्या आत भराव टाकून बांधकामाला वाट देणारा ठराव आला, तर मी विरोधात मत देईन आणि जागा जाऊ देईन. पाणी कुणाच्या घरात शिरतं ते मी बघितलंय. मुलाखतीत मी हे स्पष्ट बोलले. समोरचे तिघे एकमेकांकडे बघत राहिले. मग त्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बाई, हे आधीच सांगितलंत, बरं केलंत." तिकीट कापायला तेवढं कारण पुरेल की नाही, बघू.

खर्चाचंही विचारलं. मी म्हटलं, निवृत्तीच्या पैशातून पत्रकं, रिक्षाचा भोंगा आणि कार्यकर्त्यांचा चहा-नाष्टा एवढं होईल, जेवणावळी होणार नाहीत. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं काढायचं असतं, आणि निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. न देणारा पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरू शकतो. तू पैसे पाठवतो म्हणालास त्यातलं प्रेम पोचलं, पण पाठवायचे असतील तर त्याच खात्यात, तुझ्या नावानं, चेकनं. आणि तुझ्या कंपनीतला तो मित्र, ज्याचे काका कंत्राटं घेतात, त्याच्याकडून एक रुपयाही नको. तो उद्या मला काही मागणार नाही असं तू म्हणशील. मागायची त्याला गरजच पडणार नाही, मीच संकोचेन. म्हणून नको.

प्रतिज्ञापत्र भरायला घेतलंय. त्यात माझी आणि बाबांची मालमत्ता, कर्ज, कोर्टात काही असेल तर ते, सगळं जाहीर करायचं. तू आता माझ्यावर अवलंबून नाहीस, म्हणून तुझं त्यात येत नाही. लोक ते वाचतील, वाचावंच. आपल्या सोसायटीच्या कर्जाचे दोन हप्ते चुकलेत का, यावर कट्ट्यावर चर्चा झाली तर मनाला लावून घेऊ नकोस.

बाबांशी माझं बोलणं झालंय. ८१ पैकी ४१ जागा महिलांच्या आहेत, आणि त्यातल्या किती ठिकाणी फलकावर बाईच्या फोटोपेक्षा तिच्या नवऱ्याचा फोटो मोठा आहे ते गावात येशील तेव्हा बघ. आपल्याकडे तसं होणार नाही. बाबा दारात आलेल्याला पाणी देतील, बसा म्हणतील, आणि काम मला सांगा म्हणतील. अधिकाऱ्याला फोन मी करेन, सही मी करेन, शिव्याही मीच खाईन. त्यांनी हसून मान्य केलं, पण त्यांचे तालमीतले मित्र त्यांना आत्ताच 'साहेब' म्हणायला लागलेत. तू फोन केलास की त्यांना याची आठवण देत जा. तुझं ते ऐकतात.

तुझ्यासाठी दोन कामं. गल्लीतल्या ग्रुपवर कुणी माझ्याबद्दल किंवा समोरच्या उमेदवाराबद्दल काही वाईट टाकलं तर तू उत्तर द्यायचं नाहीस. समोरची मुलगी माझीच विद्यार्थिनी आहे, हुशार होती, आणि ती पडली तरी मला तिला रस्त्यात भेटायचंय. दुसरं, कुणालाही "आईला सांगतो, काम होईल" असं म्हणायचं नाही, मित्रालाही नाही.

१४ जानेवारीच्या रात्रीच गाडीत बसायचं म्हणतोयस. तुझं नाव पुण्याच्या यादीत आहे आणि तिथलं मतदानही १५ लाच आहे. तेव्हा सकाळी तिथे मत दे, तुझ्या प्रभागातल्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं आधी वाच, आणि मग दुपारच्या एसटीनं ये. १६ ला मतमोजणी आहे, तेव्हा तू जवळ असावास असं मला वाटतंय. येताना बाबांच्या गोळ्या आण, इथल्या दुकानात ती कंपनी मिळत नाही.

तुझी,
आई