दोघी एका खोलीत राहिल्या की कुंटणखाना होतो का? महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र

आदरणीय ताई,

तुम्ही कोकणातल्याच, त्यामुळे बंदरावरचं जगणं तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराजवळ खानावळ चालवते, 21 वर्षं झाली. गिऱ्हाईक म्हणजे ट्रॉलरवरचे खलाशी, बर्फाच्या कारखान्यातली पोरं, आंब्याच्या सीझनला बागेतले नेपाळी गुरखे, हायवेचे ड्रायव्हर. आणि दोघी बायका रोज रात्री डबा न्यायच्या. त्या काय करतात ते अख्ख्या बंदराला माहीत होतं, मलापण होतं. आमच्याकडे कामाठीपुऱ्यासारखी वस्ती नाही, लॉज आहेत आणि मोबाईल आहे, बास. जून-जुलैत मासेमारी बंद झाली की त्यांचाही धंदा बसायचा, मग उधारी चालायची, आणि नारळी पौर्णिमेनंतर बोटी गेल्या की पै न् पै आणून द्यायच्या. काही काही दुकानदार एवढे सरळ नसतात.

दोघी एकाच खोलीत राहायच्या कारण एकटीला भीती वाटायची. एकदा एका दारुड्याने त्यातल्या मोठीला मारलं होतं, तेव्हापासून एक आत असली की दुसरी बाहेर पायरीवर बसून राहायची. आता ऐका, हेच त्यांच्या अंगावर आलं. आपल्या 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात, ज्याला सगळे पीटा म्हणतात, त्यात कुंटणखान्याच्या व्याख्येत दोन किंवा जास्त बायकांनी आपापल्या फायद्यासाठी वापरलेली जागासुद्धा येते. म्हणजे एकटी राहिली तर मार खाईल, आणि दोघी राहिल्या तर कुंटणखाना चालवला!

छापा पडला तेव्हा मी भात वाढत होते. पंचनाम्यात निरोधची पाकिटं लिहिली. ती पाकिटं सरकारच्याच एड्सच्या प्रकल्पातली मुलगी दर पंधरा दिवसांनी येऊन मोजून देऊन जायची, सही घेऊन. एका खात्याने दिली ती दुसऱ्या खात्याने पुरावा म्हणून जप्त केली. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सेक्स रॅकेटचा पर्दाफाश’, लॉजच्या पाटीसकट फोटो, तोंडावर ओढणी. अहो गाव केवढं, ओढणी घेऊन काय उपयोग, लोक चपलेवरून ओळखतात.

मोठीला ‘सुटका’ करून घाटावरच्या सुधारगृहात नेलं. सात महिने. वय 34, स्वतःच्या मर्जीने आलेली, घरी पैसे पाठवणारी, आणि तिला सोडायला भावाला बोलावलं. भावाला तोपर्यंत वाटत होतं बहीण कोळंबीच्या कंपनीत आहे. मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर 2020 मध्ये अशाच तीन सज्ञान बायकांना सोडायला सांगितलं होतं आणि स्पष्ट म्हटलं होतं की या कायद्यात वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हाच नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणं, दलाली, बाईला फूस लावून आणणं, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं वगैरे. हे इथल्या किती हवालदारांना माहीत असेल? मला तरी कुठे माहीत होतं, एका वकील पोराने जेवता जेवता सांगितलं.

त्याच्याकडूनच अजून दोन गोष्टी कळल्या आणि माझं डोकं फिरलं. एक, गिऱ्हाईक बोलावण्याच्या कलम 8 मध्ये बाईला पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत शिक्षा आणि तोच गुन्हा पुरुषाने केला तर जास्तीत जास्त 3 महिने. दुसरं, कलम 4, अशा बाईच्या कमाईवर जाणूनबुजून जगणाऱ्या 18 वर्षांवरच्या कुणालाही 2 वर्षांपर्यंत कैद. दलालासाठी असेल ते, पण मग तिची म्हातारी आई कशावर जगते? पोरगा 18 चा झाला, कॉलेजला आईचे पैसे घेतो, तो काय? आणि डब्याचे पैसे मी घेतले, मग मी कशात बसते ताई?

टीव्हीवर चर्चा चालते की बंदी घाला नाहीतर लायसन्स द्या. स्वीडनने 1999 मध्ये गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवलं, जर्मनीने 2002 मध्ये धंदाच कायदेशीर केला, न्यूझीलंडने 2003 मध्ये तो गुन्ह्यातून काढला आणि बायकांना कामगाराचे हक्क दिले. मला विचाराल तर तिसरं बरं वाटतं. गिऱ्हाईक पकडायला लागलात तर तो घाबरून जेटीच्या मागे अंधारात बोलावणार, आणि हिला माणूस धड बघूनपण घेता येणार नाही. लायसन्सचं तर बोलूच नका, आमच्याकडे डिझेल परताव्याला किती टेबलं फिरावी लागतात ते तुम्हाला माहीत आहे. ब्रिटिशांनी 1868 मध्ये अशा बायकांची नोंदणी आणि जबरदस्तीची तपासणी आणली होती, 20 वर्षांत कायदा मागे घ्यावा लागला. आणि वस्ती पाडून काय होतं ते शेजारी गोव्यात बघितलं, 2004 च्या जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर वास्कोच्या बायण्यातली या बायकांच्या वस्तीची घरं पाडली. धंदा काय बंद झाला?

अल्पवयीन पोरगी कुणी आणली, फसवून आणली, तर त्याला सोडू नका, तिथे माझं काही म्हणणं नाही. पण कायदा बदलणं दिल्लीच्या हातात, तुमच्या हातात जे आहे तेवढं तरी करा. सुप्रीम कोर्टाने 19 मे 2022 ला राज्यांना सांगितलंय की सुधारगृहांची पाहणी करून मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना सोडण्याचं बघा, पोलिसांनी नीट वागावं, बातमीत ओळख उघड होऊ नये, निरोध पुरावा धरू नये. काही शिफारशींवर केंद्राने हरकत घेतली, त्या राहू देत, पण या चार तर पाळायलाच हव्यात ना? गृहखात्याला सांगून साध्या मराठीत एक परिपत्रक काढा आणि प्रत्येक ठाण्यात भिंतीवर लावा. सुधारगृहात 18 च्या वरच्या किती बायका आहेत, त्यांना तिथे राहायचंय का, हे तुमच्या खात्याने जाऊन विचारा, आणि विचारताना अधीक्षकांना बाहेर बसवा.

मोठी गेल्या ऑक्टोबरात परत आली. दुसरी कुठे गेली पत्ता नाही. काकी, मागची खोली देता का, म्हणाली, भाडं आगाऊ देते. खोली रिकामीच आहे, जाळी आणि जुनी पिंपं भरलीत. मी वकील पोराला विचारलं, तो म्हणाला माहीत असून जागा दिलीत तर कुंटणखान्याचं कलम 3 मालकालाही लागू शकतं. मी नाही म्हटलं तिला. डबा दिला, पैसे घेतले नाहीत, आणि नाही म्हटलं. आता ती बंदराच्या पलीकडे एकटी राहते, पायरीवर बसायला कुणी नाही.

पत्राखाली नाव-पत्ता टाकत नाहीये, मागची खोली अजून माझ्याच नावावर आहे.

तुमची,
बंदरावरची खानावळवाली