नाणेघाटातल्या शिलालेखाच्या राखणीसाठी आवाहन

मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या लेण्यात मागच्या भिंतीकडे नीट पाहा. सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे तिथं रांगेनं कोरलेले होते. आता उरल्या आहेत त्या पावलांच्या खुणा. नावं तेवढी दगडात राहिली: सिमुक, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि... महाराष्ट्राच्या पहिल्या मोठ्या राजघराण्याचा हा कुटुंबाचा फोटोच म्हणा ना!

बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय 2000 वर्षांहून जास्त. कोणकोणते यज्ञ केले, दक्षिणा किती दिली, सगळं आकड्यांसकट. एका यज्ञाला 1700 गायी आणि 10 हत्ती! भारतात आकडे कसे लिहीत, याचे फार जुने नमुने या भिंतींवर आहेत.

आणि याच भिंतींवर लोक खडू घासतात. अक्षरं फोटोत उठून दिसावीत म्हणून कुणी पाणी मारतं. गेल्या पावसाळ्यात एकानं आमच्यासमोर खिशातून खडू काढला. हात धरला, समजावलं, तो ओशाळला. पण रोज तिथं कोण असणार?

म्हणून आषाढ-श्रावणात दर रविवारी लेण्याशी 4 माणसं उभी करायची आहेत. काम एवढंच: लेख समजावून सांगायचा, भिंतीला हात लावू द्यायचा नाही. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय आपणही तिथं काही करायचं नाही.

दुसरं, या लेखाचं मोठ्या आकारातलं छायाचित्र, खाली नागरी अक्षरं आणि मराठी अर्थ, असा फलक घाटमाथ्यावरच्या शाळांना द्यायचा आहे. छपाईला पैसे लागतील. 50 रुपये दिलेत तरी मोलाचे, पावती मिळेल. ब्राह्मी वाचता येणाऱ्यांनी अर्थ तपासून द्यावा, ही खास विनंती.

शेतकरी बांधवांना एक सांगणं. नांगरताना सातवाहनांचं, हत्तीचं चित्र असलेलं शिशाचं किंवा तांब्याचं नाणं सापडलं तर घासू नका, विकू नका. तहसील कार्यालयात कळवा. कुठल्या शेतात, किती खोल मिळालं हेही सांगा, अभ्यासाला तेच लागतं.

यायचं ठरवलंत तर रविवारी सकाळी 7 वाजता जुन्नरच्या एसटी स्टँडवर भेटू. डबा, पाणी आणि इरलं किंवा रेनकोट सोबत असू द्या.