चूक पोटात घालणारा सात नंबर

आदरणीय दादा,

सविनय नमस्कार.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस येरवड्याच्या गोल्फ मैदानावर तुम्ही माझी बॅग उचललीत, तीन होल काहीही न बोलता चाललात आणि मग माझा सात नंबर, म्हणजे सात क्रमांकाची आयर्न (धातूच्या डोक्याची काठी), हातात धरून म्हणालात, “ताई, हत्यार चांगलं आहे, पण आज तुमच्या हाताचं नाही.” त्या वाक्यासाठी आणि त्यानंतरच्या चार शनिवारांसाठी हे आभाराचे पत्र. ते सर्वांना वाचता यावे असे लिहीत आहे, कारण चाळिशीनंतर खेळ सुरू करून 24 हँडिकॅपवर (हा आकडा जितका मोठा, तितका खेळ कच्चा) अडकलेले माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत आणि आयर्नचा संच घेताना त्यांच्या शेजारी तुम्ही नसता.

माझा संच घडीव पोलादाच्या ब्लेडचा, म्हणजे पातळ, सपाट पाठीच्या डोक्यांचा होता. एका दुकानात मी तो केवळ देखणा म्हणून घेतला होता, आणि विक्रेत्यानेही माझा एकही फटका न पाहता तो मला दिला होता. तुम्ही मात्र मत देण्याआधी टाल्कम पावडरचा डबा काढलात, किंचित ओलसर केलेल्या क्लबफेसवर, म्हणजे काठीच्या (क्लबच्या) चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, पावडर शिंपडलीत आणि मला तीस चेंडू मारायला लावलेत. पावडरीवर उमटलेल्या ठशांत मध्यावरचे जेमतेम सहा होते. उरलेले बहुतेक टोकाकडे आणि खालच्या कडेला होते. माझी समजूत होती की माझा स्विंग बरा असून नशीबच खोटे आहे. ती त्या सकाळी संपली.

टोकाला लागलेला चेंडू इतका आखूड का पडतो, हे तुम्ही कावडीच्या उदाहरणाने सांगितलेत: खांद्यावर कावड असलेल्या माणसाला गर्रकन वळता येत नाही, कारण वजन दोन्ही टोकांना असते, तेच वजन पोटाशी धरले तर तो सहज फिरतो. ब्लेडमध्ये धातू मध्याजवळ एकवटलेला असल्यामुळे कडेला चेंडू लागताच डोके पिळले जाते, तर पाठ कोरून तो धातू कडांना नेलेल्या कॅव्हिटी-बॅक आयर्नमध्ये ते कमी पिळले जाते. घरी येऊन वाचले तेव्हा कळले की ही कल्पना क्लबमध्ये रुजवण्याचे मोठे श्रेय कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याला जाते. त्यांनी 1959 मध्ये बनवलेल्या पटरच्या (चेंडू भोकाकडे हलकेच ढकलण्याच्या क्लबच्या) आवाजावरून ‘पिंग’ हे नाव पडले, आणि त्यांनी स्वतः खेळायला सुरुवात केली ती वयाच्या 42 व्या वर्षी. हे वाचून मला उगाचच बरे वाटले.

तरीही जाड माथ्याचा, मागे सरकलेल्या फेसचा तो क्लब मला पहिल्यांदा फावड्यासारखा दिसला, हे कबूल करते. त्याने चेंडू लांब जाताच मी हुरळले, तेव्हा तुम्ही मला थांबवलेत: जुन्या सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन (तो कमी तर चेंडू लांब), 35 अंश होता आणि नव्याचा 29, म्हणजे मी नावापुरताच सात नंबर मारत होते. शिवाय अशा संचातला पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळच्या फटक्यांचा, जास्त लॉफ्टचा क्लब) 43 अंशांचा आणि माझा सँड वेज 56 चा, तेव्हा मधली दरी भरायला आणखी एक वेज लागणार, हेही तुम्हीच आधी सांगितलेत. खर्च वाढवणारी गोष्ट विकत घेण्याआधी सांगणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

क्लबच्या तळाविषयी तुमचे म्हणणे आपल्या मैदानाला धरून होते. पावसात माती मऊ असताना माझी पातळ तळाची ब्लेड रुतून बसत असे आणि रुंद तळ तिथे सरकून निघतो. पण उन्हाळ्यात जमीन टणक झाली की फार रुंद तळ उसळून चेंडूच्या पोटात बसतो, म्हणून मध्यम रुंदी घ्यावी, असा तुमचा सल्ला होता. तळावर चिकटवलेली टेप टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) घासली गेलेली पाहून तुम्ही लाय, म्हणजे दांड्याचा जमिनीशी होणारा कोन, दोन अंशांनी कमी करवून घ्यायला सांगितलेत, आणि माझे डावीकडे जाणारे चेंडू बरेचसे सरळ झाले. शाफ्ट (दांडा) ग्राफाइटची घेतली, ती माझ्या मनगटांनीच ठरवली.

आता टोकाला लागलेला चेंडू जिथे पंचवीस यार्ड आखूड पडायचा, तिथे दहाएक यार्ड पडतो. पुढचा बंकर (वाळूचा खड्डा) बहुधा पार होतो. जमिनीवर आधी आदळलेला फटका मात्र कोणतीही आयर्न पोटात घालत नाही, हे तुम्ही बजावले होते आणि मी दर आठवड्याला त्याची प्रचिती घेते.

त्या चार सकाळींचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. निदान पावडरचा डबा तरी माझ्याकडून घ्यावा. नवा आणून बॅगेच्या कप्प्यात ठेवला आहे. मधला वेज 49 चा घ्यावा की 50 चा, हे अजून ठरलेले नाही, तेव्हा येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला सरावाच्या रेंजवर वाट पाहते.

आपली कृतज्ञ,
सात नंबरवाल्या ताई